दारी आलेली मेल विन्मुख जाऊ नये

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय परत पाठवत नाहीत. मग तो गॅसवाला असो, गणपतीच्या वर्गणीवाला असो, नाहीतर मजला चुकून आपली बेल दाबणारा भलत्याच घरचा पाहुणा असो. मग मेलनेच काय घोडं मारलंय? बिचारी कुठल्या कुठल्या देशांतून धडपडत येते, तुमचं नाव ठाऊक नसताना 'प्रिय ग्राहक' अशी प्रेमाने हाक मारते, रिकाम्या हाताने न येता सोबत एक फाइल घेऊन येते. आणि तुम्ही तिला न उघडता डिलीट करणार? असले माणूसघाणे सल्ले देणारे हल्ली घरोघरी झाले आहेत. आज जरा दुसरी बाजू मांडतो. मी जे सांगणार आहे ते सगळं स्वतःच्या घरी करून पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मेलने आलेल्या व्हायरसला चोर म्हणणं सोडा. चोर कडी तोडतो. हा बेल वाजवतो, आणि कडी आपण काढतो. मे २००० मध्ये मनिलाहून एक पत्र निघालं. विषय एवढाच: 'आय लव्ह यू'. सोबत प्रेमपत्राची फाइल. ती उघडली की तुमच्या आउटलुकमधल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र तुमच्या नावाने रवाना, आणि जाता जाता तुमच्या फोटोंच्या फाइलींवर बोळा. जगभर लोकांनी ती उघडली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेलव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. राजकारणात आयुष्य घालवलेल्या माणसांच्या कचेरीतही कुणाला तरी वाटलं, की आपल्यावर कोणीतरी अचानक प्रेम करू लागलंय! ज्याने हे लिहिलं तो ओनेल द गुझमान नावाचा विद्यार्थी सुटला, कारण फिलिपाइन्समध्ये तेव्हा या अपराधाला लागू होईल असा कायदाच नव्हता. तो पुढच्या काही आठवड्यांत आला. वरात गेल्यावर मांडव.

पण खरी गंमत त्या फाइलच्या नावात होती. नावाचा शेवट होता 'टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. म्हणजे दिसायला साधा मजकूर, जातीने प्रोग्रॅम. आणि विंडोजची मूळची सवय अशी की ओळखीच्या प्रकारचं एक्स्टेंशन, म्हणजे फाइलचं आडनाव, ती झाकून ठेवते. लोकांना 'टीएक्सटी' तेवढं दिसलं. आता मला सांगा, ज्या महाराष्ट्रात नव्या माणसाला 'नाव काय?' विचारल्यावर तो फक्त नाव सांगून थांबला, तर 'ते झालं हो, पुढे काय?' असं विचारल्याशिवाय आपला घोट खाली उतरत नाही, तिथे आपण फक्त फाइलींच्या बाबतीत इतके पुरोगामी आहोत की आडनाव विचारतच नाही. ही पुरोगामी परंपरा टिकवा. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेंशन्स'वर टिक करणं हा कद्रूपणा आहे. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' या पाहुण्याला नुसतं 'बिल' म्हणून हाक मारावी, म्हणजे त्याला परकं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये, हीच युक्ती टेनिसपटू ॲना कुर्निकोवाच्या फोटोच्या नावाने फिरली. करणारा वीस वर्षांचा डच मुलगा. त्याला प्रोग्रॅमिंग यावं लागलं नाही, तयार मसाला मिळाला होता. शिक्षा दीडशे तास समाजसेवा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला यापेक्षा जास्त होते, तीही काहीच न करता.

आपल्या मध्यमवर्गावर प्रेम आणि टेनिस यांची मात्रा फारशी चालत नाही, हे पाठवणाऱ्यांनी पुढे ओळखलं. आपल्याला हलवतात दोनच गोष्टी: परतावा मिळणार आहे ही आशा, आणि आज रात्री वीज तोडणार आहेत ही भीती. म्हणून जुलैत, रिटर्न भरायच्या दिवसांत, आयकर परताव्याची मेल आली की ती जेवणाच्या ताटावरून उठून उघडावी. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'आयकर विभाग' असं लिहिलंय ना? मग झालं तर. त्या नावामागचा खरा पत्ता उघडून पाहू नये. दारावर 'डॉ. अमुकतमुक' अशी पाटी कुणालाही लावता येते, म्हणून आपण पदवी तपासत बसतो का?

लिंकमधला पत्ता वाचायचाच झाला तर डावीकडून वाचा आणि पहिला ओळखीचा शब्द आला की थांबा. वेबसाइटचं नाव शेवटाकडून वाचायचं असतं, असं माझा भाचा म्हणतो. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या, तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी जे येतं तो खरा मालक. म्हणजे 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' एवढ्यावर नाव संपलं तर ते सरकारी. त्याच्यापुढे आणखी एखादा डॉट आणि भलतंच काही लागलं, तर ते 'सदाशिव पेठ, पुणे ३०, बँकॉक' असं झालं. पण पत्रावर सदाशिव पेठ दिसल्यावर पुढे वाचायची गरज आजवर कुठल्या पुणेकराला पडली आहे?

वर्डच्या फाइली हा आतिथ्याचा फार जुना प्रकार. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' नावाची व्हायरसवाली मेल अशीच वर्डमधून आली आणि प्रत्येकाच्या यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर गेली. पन्नास पानांची एक पंगत उठली की पुढची. पुढे अशी फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येऊ लागली आणि 'एनेबल कंटेंट' असं बटण दिसू लागलं. खाली लिहिलेलं असतं, मजकूर दिसत नसल्यास हे बटण दाबा. दाबा! आत मॅक्रो म्हणून छोटा प्रोग्रॅम असतो, तो त्या परवानगीसाठी हात जोडून उभा असतो. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. पाहुणचाराची रीतच सोडली लोकांनी. पण पाहुणेही हुशार. ते आता पासवर्ड घातलेल्या झिप फाइलीत बसून येतात, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो. कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात. हे कुलूप तुमच्यासाठी नसतंच; वाटेत अँटीव्हायरसने आत डोकावू नये म्हणून असतं. केवढी ही मर्यादाशीलता!

अँटीव्हायरसवरून आठवलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात स्वतःचा अँटीव्हायरस बनवून विकायला घेतला, त्यातूनच पुढे क्विक हील ही कंपनी उभी राहिली. आपल्या मातीतला उद्योग आहे, त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. अभिमान फुकट असतो, वर्षाचं नूतनीकरण विकत घ्यावं लागतं, त्यामुळे मी अभिमानावर भागवतो. विंडोजमध्ये डिफेंडर मुळातच फुकट येतो, पण फुकटच्या राखणदारावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय वर उल्लेख केलेल्या भाच्याने फोटोशॉपचं क्रॅक, म्हणजे फुकटची चोरटी प्रत आणली, तेव्हा त्याबरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ होती: आधी अँटीव्हायरस बंद करा. चोराने फोन करून 'तेवढं कुत्रं बांधून ठेवा हं, आम्ही निघालोय' असं कळवण्यातला सभ्यपणा मला फार भावला. तेव्हापासून ते कुत्रं बांधलेलंच आहे. दसऱ्याला मात्र मॉनिटरला झेंडूची माळ आणि डब्याला हळदकुंकू चुकत नाही. वरच्या संरक्षणाला सबस्क्रिप्शन लागत नाही.

अपडेटही टाळा. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने हे चांगलं दाखवलं. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांना 'नंतर आठवण करा' म्हणायची सवय होती, त्यांच्याकडे तो मुक्कामाला राहिला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. (खरं तर तो मेलची वाट न बघता नेटवर्कमधूनच पसरत होता. म्हणजे आगंतुक. त्याला या लेखात जागा देणं शास्त्राला धरून नाही, पण आलाय तर बसू द्या.) विंडोज १० चं नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, तेव्हा आमच्या घरी कटकट गेली म्हणून श्रीखंड आणलं होतं.

आता माझा अनुभव. एका कुरिअरची मेल आली, की तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने अडकलं आहे, सोबतचा फॉर्म भरा. मी काही मागवलं नव्हतं. पण पार्सल नको म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. फॉर्म उघडला, काही झालं नाही, मी चहा करायला गेलो. परत येईतो मुलाच्या मुंजीचे आणि सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो कुलूपबंद झाले होते आणि पडद्यावर किल्लीचा भाव लिहिलेला होता, बिटकॉइनमध्ये.

"दोन ठिकाणी ठेवलेत म्हणाला होतास ना?" बायकोने विचारलं.

"होते ना. दोन्ही ठिकाणचे गेले."

बॅकअपची हार्ड डिस्क मी कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवली होती. काढघाल करताना वायर झिजते. त्यामुळे पाहुण्याला दोन्ही खोल्या एका फेरीत बघता आल्या. डिस्क काढून कपाटात ठेवली असती तर त्याची केवढी निराशा झाली असती! सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. ते दर रविवारी अल्बम कधी येतोय ते विचारतात.

अशा वेळी खात्यातून पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. जितका लवकर कराल तितकी ती रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी चार दिवस नातेवाइकांशी सल्लामसलत करावी, मग कुणाच्या तरी ओळखीतला पोलिसातला माणूस शोधावा, आणि मग तो नंबर शोधायला गुगलवर जावं, तिथे मदत करायला आणखी लोक बसलेलेच असतात.

हे लिहीत होतो तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. गेल्या दोन दिवसांत असे अकरा आले. लोक मुद्दाम फोन करतात, माणसं फार चांगली.

"अरे, तू पाठवलेली फाइल माझ्याकडे उघडतच नाहीये. तीनदा दाबलं. परत पाठवतोस का?"

मी काहीच पाठवलेलं नव्हतं. पण काकू दिवाळीला चकल्या पाठवतात, त्यांना नाही कसं म्हणायचं?

"जाईल हं काकू," मी म्हटलं. "आपोआप जाईल."