‘कधीच न थांबणारा’ भोवरा थांबतो तो असा

फोंडा-म्हापशाच्या मराठी व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘शून्याखालच्या थंडीत शास्त्रज्ञांनी अणूंचा भोवरा तयार केला, तो कधीच थांबत नाही. टोपॉलॉजी त्याला राखते. अणूंना स्पिन असला तर तो अभेद्यच. आता फुकट वीज!’

उणे २७३.१५ अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष शून्य, आणि त्याहून थंड कुणी काही केलेलं नाही. १९९५मध्ये अमेरिकेत बोल्डरला रुबिडियम या धातूच्या अणूंचं पहिलं बोस-आइनस्टाइन संघनित झालं, म्हणजे सगळे अणू एकाच लहरीसारखे वागणारा अतिथंड वायूचा ढग. तेही शून्याच्या वर, सुमारे १७० नॅनोकेल्विनला (नॅनोकेल्विन म्हणजे अंशाचा अब्जावा भाग).

‘कधीच थांबत नाही’ यात अर्धं सत्य आहे. पुरात खांडेपार नदीतला भोवरा हळूहळू मंदावतो. या वायूत ती मुभा नाही. अभिसरण, म्हणजे भोवऱ्याभोवतीच्या फिरण्याचं माप, असतं प्लांकचा स्थिरांक (पुंज भौतिकीतली एक ठरलेली संख्या) भागिले अणूचं वस्तुमान, एवढंच किंवा त्याच्या पूर्ण पटीत. रुबिडियमला ते सेकंदाला सुमारे ०.००४६ चौरस मिलिमीटर. म्हणून तो झिजून अर्धा होत नाही. पण ढगाला कड असते! ढग फिरता ठेवला नाही तर भोवरा घिरट्या घालत, संघनिताबाहेरच्या उष्ण अणूंशी घासत कडेला सरकतो आणि निसटतो. टोपॉलॉजीचा, म्हणजे न तोडता काय उलगडतं आणि काय नाही हे सांगणाऱ्या गणिताचा, एकही नियम न मोडता. उलट दिशेचा भोवरा भेटला तर दोघेही संपतात. दुहेरी, म्हणजे दुप्पट अभिसरणाचा भोवरा आणखी कच्चा: ऊर्जा अभिसरणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एका दुहेरीला ४, दोन एकेरींना मिळून २. २००४मध्ये एमआयटीत तो फुटताना दिसला.

स्पिनबद्दलचा दावा मात्र सरळ उलटा आहे, आणि खरी गंमत इथेच. स्पिन म्हणजे अणूचा अंगभूत, सूक्ष्म चुंबकासारखा गुण. तो नसेल तर भोवऱ्याभोवती फक्त लहरीची कला (लहर चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) फिरते. स्पिन आला की त्याची दिशाही वळू शकते, म्हणजे सुटकेच्या वाटा वाढतात. रुबिडियम-८७च्या लोहचुंबकी अवस्थेत (शेजारचे स्पिन एकाच दिशेला) कला आणि स्पिनचं वळण एकमेकांत गुंतलेलं असतं. तिथे दुहेरी भोवरा स्पिन वळवत वळवत, मधे घनता कुठेही शून्य न होता, पूर्ण उलगडता येतो. टोपॉलॉजीच त्याला सोडून देते. सोडियमच्या प्रतिलोहचुंबकी अवस्थेत (स्पिनला दिशा नाही, फक्त अक्ष) कला अर्धाच फेरा घेते आणि उरलेलं स्पिनची अक्षदिशा उलटून भरून काढते. २०१५मध्ये दक्षिण कोरियात सोलमध्ये अखंड भोवरा अशा दोन अर्ध्यांत फुटताना पाहिला गेला. १९९९मध्ये बोल्डरलाच केलेला पहिला भोवरा दोन आंतरिक अवस्थांच्या मिश्रणातला होता, आणि तो किती टिकेल हे तो कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ठरत होतं. तेव्हा ‘स्पिन म्हणजे अभेद्य’ असं सरसकट म्हणताच येत नाही. अवस्था कोणती, चुंबकक्षेत्र किती, भोवऱ्याच्या गाभ्यात काय भरलंय, हे आधी विचारावं लागतं.

विजेचं काय? भोवऱ्यातली ऊर्जा लेझरने ढवळून किंवा तशाच युक्तीने आपणच घातलेली असते. ती काढून घेतली की भोवरा गेला. शिवाय तीन-तीन अणूंच्या टकरींतून अणू सापळ्याबाहेर पडतच राहतात, त्यामुळे ढग स्वतःच काही सेकंद, फार तर मिनिटभर टिकतो. त्यावर पंखा चालवायची घाई कुणाला असेल तर त्यांनी आधी लेझरचं आणि निर्वात पंपांचं बिल बघावं.