बोट बंद म्हणजे बंद

पावसाळ्यात पाठीवर सॅक टाकून अंदमानच्या नील बेटावर जा, गर्दी नसते, असं एका प्रवासाच्या लेखात वाचलं. खरं आहे राजेहो, पण समुद्र खवळला की बोटी बंद होतात हे त्या लेखात एका ओळीत उरकलं! आम्ही दोघं यवतमाळातल्या दारव्ह्याकडचे शेतकरी, पेरण्या आटोपून जुलैत गेलो न् तीन दिवस अडकलो. २०१८ पासून शहीद द्वीप नाव असलेल्या त्या बेटावर बंगाली कुटुंबांच्या भाजीच्या वाड्या आहेत, त्याच पाहत हिंडलो. सूर्य सहाच्या आतच बुडते. इकडे घरून बायकोचा फोन, "डवरणी (उभ्या पिकातली कोळपणी) कोण करन?" परतीच्या विमानाआधी दोन दिवस पोर्ट ब्लेअरात (आताचं श्री विजयपुरम) मोकळे ठेवाच. आमचं तिकीट बुडालं.