फोलन आणि फोल्स्टन

करिअर मार्गदर्शनाची पुस्तकं रद्दीत घाला, असा सूर हल्ली पुण्या-मुंबईकडून ऐकू येतो. सीव्ही एआय लिहून देतं, मुलाखतीचे प्रश्न यूट्यूबवर मिळतात, मग पुस्तकाला पैसे कशाला? फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून हा वाद जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींपर्यंतही पोचलाय. त्या राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्ये बसून पाहिलं, तर त्यातलं निम्मं पटतं.

व्हिसासाठी लागणाऱ्या पगाराचा आकडा दरवर्षी बदलतो; त्यासाठी छापील पुस्तक उघडूच नये. जर्मनीत समान वागणुकीचा कायदा ऑगस्ट २००६मध्ये आला आणि अर्जात फोटोची सक्ती उरली नाही. त्याआधीचं पुस्तक हाती पडलं, तर अर्जातल्या फोटोचं पान सरळ उलटावं. नमुना पत्रं तर कुठल्याच आवृत्तीतली उतरवू नयेत.

पण इथे आर्बाइट्सत्सॉयग्निस नावाचं एक प्रकरण आहे. नोकरी सोडताना कंपनीनं द्यायचं हे कामाचं प्रमाणपत्र. ते खरं असावं आणि माणसाच्या पुढच्या वाटेत आडवंही येऊ नये, ही न्यायालयांची अपेक्षा. त्यामुळे वाईट कोणी लिहीत नाही. गुण विशेषणांत आणि क्रियाविशेषणांत लपतात. ‘श्टेट्स त्सु उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट’, म्हणजे ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे’, ही पहिली श्रेणी. ‘फोल्स्टन’चं (पूर्णतम) नुसतं ‘फोलन’ (पूर्ण) झालं की दुसरी. ‘श्टेट्स’ही (नेहमीच) गळलं की तिसरी. नुसतं ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ उरलं, तर चौथी, म्हणजे काठावर पास. ‘त्यांनी प्रयत्न केला’ असं वाक्य आलं, तर विषय संपला. व्यवसायविषयक कायद्याचं १०९वं कलम असल्या छुप्या भाषेला मनाई करतं, तरी ही शिडी इथल्या सगळ्यांना पाठ आहे. २०१४मध्ये सर्वोच्च श्रम न्यायालयानं तिसरी श्रेणी सरासरी धरली. त्याहून वरची हवी असेल, तर कामगारानं पुरावा द्यायचा.

आता आपल्याकडचं एक्स्पीरियन्स लेटर घ्या. हुद्दा, दोन तारखा आणि ‘काम समाधानकारक होतं’ एवढी एक ओळ. अनुवादक ती प्रामाणिकपणे जर्मनमध्ये नेतो आणि मुलगा थेट चौथ्या श्रेणीत जाऊन बसतो. अनुवादात चूक शोधून सापडत नाही. ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग’चंही तसंच: काम काय केलं ते नाही, फक्त मेहनत केली, असा संशय येतो. शेवटी जाण्याबद्दल खेद, आभार आणि पुढच्यासाठी शुभेच्छा हे त्रिकूट लागतं. न्यायालयांच्या मते कामगाराला त्यावर हक्क नाही, पण ते नसलं की वाचणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

उपाय राजीनामा देण्याआधीच करायचा. पत्राचा मसुदा आपणच करून साहेबांकडे न्यावा: प्रत्यक्ष कामं पाच-सहा ओळींत, यंत्रांची किंवा सॉफ्टवेअरची नावं, हाताखाली किती माणसं, मग कामगिरीचं वाक्य. इंग्रजीत ‘ऑल्वेज’ आणि ‘फुलेस्ट’ हे दोन्ही शब्द असू द्यात, व्याकरणाला ‘फुलेस्ट’ जरा खटकलं तरी. (जर्मन व्याकरणवाल्यांनाही ‘फोल्स्टन’ खटकतंच, पूर्णाहून पूर्ण काय असणार!) नंतर अनुवादकाला शब्द वाढवता येत नाहीत आणि नोकरी सोडल्यावर एचआर दाद देईलच असं नाही.

यावर पुण्या-मुंबईकडचं उत्तर ठरलेलं: हे एआयही सांगेल. सांगेल की, नेमकं विचारलंत तर. नागपूरहून अर्ज करणाऱ्याला या शिडीचा पत्ताच नसतो, मग तो विचारणार काय? तो ‘हे पत्र जर्मनमध्ये कर’ एवढंच म्हणतो आणि त्याला तेवढंच मिळतं. अर्जाविषयीच्या चांगल्या जर्मन पुस्तकात प्रमाणपत्राचं प्रकरण न मागता समोर येतं. त्या एका प्रकरणासाठी जुनी आवृत्तीही चालेल. ती इथल्या शहर वाचनालयांत सहसा मिळते. गावाकडे निघालेल्या कोणाला तरी त्या पानांच्या झेरॉक्स द्या.