फारकतनामा टाईप करणं मी बंद केलं त्याची गोष्ट

आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, आजकालच्या पोरींना सहनशक्ती राहिली नाही, पोटगीसाठी लग्न करतात वगैरे. खाली नुसते अंगठे. ग्रुपवर मी काही बोललो नाही पण डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहितोय, लांब होईल, वाचायचं तर वाचा.

माझं दुकान जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याला, कोर्टाच्या भिंतीला लागून. टायपिंग, झेरॉक्स, सातबारा, सगळं. 16 वर्षांत किती फारकती, म्हणजे कोर्टाबाहेर आपसात लिहून घेतलेल्या सोडचिठ्ठ्या, टाईप केल्या त्याचा हिशोब नाही. कापसाचे पैसे हातात आले की आपल्याकडे दोन कामं निघतात, लग्नं आणि फारकती. दोन्हीकडचे पंधरा-वीस जण गाडी करून येतात, निंबाखाली बसतात, एखादे आप्पा नाहीतर नाना मध्यस्थ, आणि मसुदा तर मला पाठच. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून देतो की आजपासून आमचा पती-पत्नी म्हणून काही संबंध राहिला नाही, दोघे पुनर्विवाहास मोकळे. (नशापाणी न करता हे शब्द टाईप करताना समोरून वास यायचा, पण जाऊ द्या.)

भांडण संबंध तुटतो याचं नसतंच, ते यादीवर असतं. आंदणात दिलेली कोठी, पिंप, कपाट, पातेली पाच होती का सात. एकदा मिक्सरच्या एका भांड्यावरून दीड तास गेला भो, खोटं नाही सांगत. गळ्यातली पोत कोणी केली होती, नवऱ्याकडच्यांनी का बापानं. आणि जिच्यासाठी हे चाललंय ती पोरगी तिकडं ओट्यावर बसलेली, सहीच्या वेळेलाच तिला हाक मारायची. स्त्रीधन हे एकट्या बाईच्या मालकीचं, असं सुप्रीम कोर्टानं 1985 सालीच स्पष्ट सांगितलंय, पण आमच्या कागदावर सोनं कायम वडिलांच्या नाहीतर भावाच्या ताब्यात मिळालं असंच असायचं. मीच लिहायचो ना.

त्यातलीच एक पोरगी. तिच्या वडिलांना मी तेव्हा सहज म्हटलं होतं, दादा एकदा वकिलाला विचारा. तर म्हणे, "भाऊ, कोर्टना चकरा कोन मारी? पोर मोकळी व्हयनी म्हंजे बस." मी सहाशे रुपये घेतले, प्रिंट काढली, विषय संपला. पुढं तिचं दुसरं लग्न झालं, सुरतला दिली. चार वर्षांनी ती परत माझ्या दुकानात उभी, कडेवर पोरगं. दुसऱ्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तिनं पोटगीचा अर्ज टाकला, तर त्याच्या वकिलानं माझाच कागद पुढं केला, की पहिलं लग्न कोर्टानं मोडलेलंच नाही मग ही याची बायको कशी काय? झेरॉक्सवर माझी टायपिंगची चूक पण तशीच होती, पुनर्विवाहातला रफार गेलेला.

मंग मी ओळखीच्या वकीलसाहेबांकडं जाऊन बसलो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 29 मध्ये रूढीनं होणारी फारकत शाबूत ठेवलीय हे खरं, पण ती रूढी तुमच्या समाजात खरंच आहे हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, 2002 साली सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. नोटरीचा शिक्का मारला म्हणजे रूढी होत नाही. नंदुरबारकडं सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजात पंच बसतात, देज (मुलीच्या घरी दिलेली रक्कम) परत होतं, तिथं गोष्ट वेगळी, कारण अनुसूचित जमातींना हा कायदा मुळात लागूच नाही. आपण मात्र त्यांच्यासारखे पंच बसवतो आणि कायदा आपल्याला लागतो तो दुसराच. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, वर नवीन न्यायसंहितेचं कलम 82, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका बाईला, जिची पहिली सोडचिठ्ठी नुसत्या करारावर झाली होती, दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मिळवून दिली. चांगलंच झालं. पण दिल्लीपर्यंत जायचं बळ आमच्या गिऱ्हाइकात कोणाकडं आहे?

आणि राग कशाचा येतो, तर सरळ रस्ता 1976 पासून आहे. त्याच कायद्याचं कलम 13 ब, दोघांच्या संमतीनं घटस्फोट. वर्षभर वेगळं राहिलेलं असलं की दोघांनी मिळून अर्ज टाकायचा, नंतर सहा महिने थांबायचं, आणि दीड वर्षापासूनच वेगळे असतील, पोटगी-पोरांचं सगळं ठरलेलं असेल तर ते सहा महिनेही कोर्ट माफ करू शकतं, हा 2017 चा निकाल. बाईला तर वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, तालुक्याच्या विधी सेवा समितीत नुसता अर्ज करायचा. माझ्या दुकानापासून ते ऑफिस पन्नास पावलांवर आणि 16 वर्षांत मी एकालाही तिकडं पाठवलं नाही. कारण तिकडं पाठवलं असतं तर माझे सहाशे गेले असते, आता खरं ते खरं.

लोक म्हणतात तारखा पडतात. पडतात की, नाकारत नाही, पोटगीच्या केसमध्ये तर चपला झिजतात. 498 अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, खोटं लावणारे पण पाहिले मी याच भिंतीला टेकून, आणि खरं असून बापाच्या इज्जतीपायी न लावलेल्या त्याच्या कितीतरी पट पाहिल्या. पण ग्रुपवरच्या त्या मेसेजवाल्यांना एवढंच विचारायचंय, पोटगीसाठी लग्न करणारी ती पोरगी नेमकी राहते कुठं? मी टाईप केलेल्या फारकतींमध्ये पोटगीच्या जागी बहुतेक एकच ओळ असायची, "पोटगीचा हक्क कायमचा सोडून दिला आहे". ते वाक्य पण मला पाठ.

त्या पोरीची केस चालू आहे. मी वकीलसाहेबांना सांगून ठेवलंय, साक्षीला बोलावलं तर येईन, तसा माझा काही उपयोग होईल असं त्यांना वाटत नाही.

परवा परत एक गाडी आली. मी म्हटलं काका, फारकत नाही करत आता मी, समोर विधी सेवावाले बसतात, पोरीला घेऊन जा, पैसे पण लागत नाहीत. ते बघत राहिले माझ्याकडं, एकजण म्हणे, "याले काय व्हयनं?" मग शेजारच्या दुकानात गेले. तिथं आता हजार घेतात, स्टॅम्पपण शंभरचा बंद होऊन पाचशेचा झालाय ना.