मोठा पंप बसवला, पण रेग्युलेटरचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

परखड लिहिलंत, बरं वाटलं. इतर वाचकांसाठी तुमचा मुद्दा आधी मांडतो. तुमच्या मते मी साध्या कामाचा बाऊ करतो: टर्बो बसवलेल्या गाडीत जास्त क्षमतेचा फ्युएल पंप टाकायचा, रेग्युलेटरचा (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाचा) स्क्रू दोन आटे आवळायचा, बाकीचं ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळून घेतो. शिवाय पंपाच्या रिलेला (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) थेट इग्निशनवरून सिग्नल दिला तर बिघडतं काय, असंही तुम्ही विचारलंत.

पंप बदलायला माझा विरोध नाही. जुना पंप कमी पडत असेल तर तो बदलायलाच हवा. माझं म्हणणं इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारणाऱ्या नोझलच्या, दोन टोकांमधल्या दाबाबद्दल आहे. इंजेक्टरच्या एका बाजूला रेलमधलं (इंजेक्टरना पुरवठा करणाऱ्या नळीतलं) पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातली) हवा. या दोन दाबांमधला फरक कायम राहील, असं धरून ईसीयू इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. तो फरक सांभाळणं हे रेग्युलेटरचं काम, आणि त्यासाठीच त्याला मॅनिफोल्डकडून येणारी बारीक नळी जोडलेली असते. बेस प्रेशर (ती नळी काढलेली असतानाचा दाब) ३ बार असेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूममुळे प्रेशर गेज साधारण २.३ ते २.४ दाखवतो, आणि १ बार बूस्टला (टर्बोने हवेचा दाब तेवढा वाढवला की) तो ४ दाखवायला हवा. नळी न जोडलेला रेग्युलेटर ३ वरच थांबतो, म्हणजे ऐन बूस्टमध्ये फरक उरतो २ बार. इंजेक्टरचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पेट्रोल जवळपास १८ टक्के कमी पडतं. सर्वांत जास्त पेट्रोल हवं त्याच क्षणी मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग (मिश्रणाचं अवेळी पेटणं) सुरू होतं आणि पिस्टन जायला मग वेळ लागत नाही.

आता स्क्रू आवळण्याचं. (मूळ रेग्युलेटरला बहुतेक वेळा स्क्रू नसतोच, तुम्ही अॅडजस्टेबल बसवला असावा.) बेस ३ वरून ४ बार केलं तर दाब एक तृतीयांशाने वाढतो, प्रवाह मात्र १५ टक्केच. आणि त्याच वेळी पंपाची क्षमता घटते, कारण दाब वाढला की कुठलाही इलेक्ट्रिक पंप कमी पेट्रोल देतो आणि करंट जास्त ओढतो. जुन्या बारीक वायरिंगवर करंट वाढला की व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज पडलं की प्रवाह आणखी घटतो. पंपाच्या तक्त्यातला आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो, हे पंप निवडताना अनेकजण विसरतात.

ईसीयू सांभाळून घेतो हे हलक्या लोडपुरतं खरं आहे. तिथे ऑक्सिजन सेन्सर बघून तो दुरुस्ती करतो, त्यामुळे गाडी आयडलला आणि शांत चालवताना छान वाटते. पूर्ण थ्रॉटलला मात्र बऱ्याच गाड्या सेन्सरकडे न बघता मॅपवर (ईसीयूत आधीच भरलेल्या तक्त्यावर) चालतात. तुमची गाडी ‘मस्त पळते’ हे मी खोटं म्हणत नाही, पण त्यावरून पूर्ण लोडचं मिश्रण कळत नाही. ते वाइडबँड (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सरच सांगेल.

मोठ्या पंपाची दुसरी अडचण आयडलला दिसते. १०० किलोवॅटच्या टर्बो इंजिनाला पूर्ण लोडवर तासाला साधारण ५० लिटर पेट्रोल लागतं, आयडलला एखादा लिटर. तासाला २५५ लिटरचा पंप लावलात तर आयडलला जवळजवळ सगळं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जायला हवं. लाइन बारीक असेल तर ते तुंबतं, आणि रेग्युलेटर पूर्ण सैल केला तरी दाब उतरत नाही. परत जाणारं पेट्रोल गरमही होत राहतं. तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलला असताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. गेज बेस प्रेशरवर चढला आणि नळी जोडल्यावर खाली आला, तर ठीक. नळी जोडूनही वरच राहिला, तर आधी रिटर्न लाइन बघा. काढलेल्या नळीला पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. रेग्युलेटर टाकीतच असलेल्या, रिटर्न लाइन नसलेल्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे दाबातला बदल ईसीयूच हिशेबात धरतो.

रिलेबाबत मी अजिबात मागे हटणार नाही. पंपाला जाड वायर आणि वेगळा रिले जरूर द्या, पण तो रिले चालू करणारा सिग्नल पंपाच्या मूळ वायरवरूनच घ्या. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीयू पंप बंद करतो. थेट इग्निशनवर जोडलात तर अपघातात पेट्रोलची नळी तुटली, इंजिन बंद पडलं, तरी चावी चालू असेपर्यंत पंप तासाला दोनशेच्या आसपास लिटर या वेगाने पेट्रोल बाहेर ओतत राहील. गाडीत त्या वेळी माणसं असतील.

टाकीच्या आत वापरलेली नळीही एकदा तपासा. बाहेरची साधी इंजेक्शन होज पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी नसते. आत एसएई ३०आर१० दर्जाची लागते. चुकीची नळी बाहेरून फुगते, सुटते, आणि दोष मात्र पंपावर जातो.

तुमच्याकडे गेज असेल तर चार आकडे इथे लिहा: नळी जोडून आयडलचा दाब, नळी काढून आयडलचा दाब, पूर्ण बूस्टचा दाब, आणि त्याच वेळी पंपाच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. गेज कॅबिनमध्ये आणायचा असेल तर इलेक्ट्रिक सेंडरचाच वापरा, पेट्रोलची नळी आत आणू नका. आकडे आले की तुमचा स्क्रू कुठे असायला हवा ते आपण नक्की ठरवू.