हेलेन शेर्फबेक ‘बिचारी’ नव्हती हो, तो मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

फिनलंडची चित्रकार हेलेन शेर्फबेक हिच्यावरचा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. मजकूर साधारण असा, की लहानपणी जिन्यावरून पडून अधू झाली, शाळेत गेली नाही, आपली आपणच चित्रं काढायला शिकली, जिवंतपणी तिचं एकही चित्र विकलं गेलं नाही, आयुष्यभर खोलीत कोंडून राहिली आणि प्रेमभंगानंतर स्वतःचेच भेसूर चेहरे रंगवत बसली. यातलं जिन्यावरून पडणं खरंय, चार वर्षांची होती, कंबर दुखावली ती जन्मभर लंगडत चालली. शाळा घरीच झाली हेही खरं. पण बाकी सगळं तिखटमीठ लावलेलं.

‘आपली आपणच शिकली’ म्हणे. अहो, अकराव्या वर्षीच हेलसिंकीत फिनिश आर्ट सोसायटीच्या ड्रॉइंग स्कूलमध्ये तिला घेतलं, तेही फी माफ करून, कारण आडोल्फ फॉन बेकर नावाच्या चित्रकाराने तिची रेखाटनं बघून शब्द टाकला होता. मग त्याच्याच अकॅडमीत तैलरंग शिकली, मग १८८० मध्ये सरकारी ग्रँटवर पॅरिस, तिथे कोलारोसी अकॅडमी ही खाजगी चित्रशाळा. पुढे सोसायटीनेच तिला सेंट पीटर्सबर्ग, व्हिएन्ना, फ्लॉरेन्सला जुन्या मास्टर्सच्या कॉपी करायला पाठवलं आणि त्याच ड्रॉइंग स्कूलमध्ये ती शिकवायलाही होती. एवढं शिकलेल्या बाईला ‘दैवी देणगी’ म्हणून मोकळं व्हायचं म्हणजे तिच्या मेहनतीवर बोळा फिरवणं झालं.

‘एकही चित्र विकलं नाही’ ही तर व्हॅन गॉगच्या नावावरची फिरती गोष्ट उचलून हिला चिकटवलीय (त्याच्याबाबतीतही ती खरी नाही, पण ते असो). गंमत म्हणजे मेसेजखाली फोटो लावलाय ‘टॉयपिलास’चा, म्हणजे आजारातून उठलेलं मूल, वेताच्या मोठ्या खुर्चीत चादर गुंडाळून बसलेलं, हातात कोवळी फांदी. हे चित्र तिने १८८८ मध्ये इंग्लंडातल्या सेंट आइव्हजला काढलं, ते आर्ट सोसायटीने विकत घेतलं आणि १८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्याला ब्राँझ मेडल मिळालं. १९१७ मध्ये गोस्टा स्टेनमन या आर्ट डीलरने हेलसिंकीत तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, आणि पुढे तर तो तिला चित्रांच्या बदल्यात दरमहा ठरावीक पैसे द्यायचा. हां, नॉर्डिक (फिनलंड, स्वीडन वगैरे) देशांबाहेर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं हे मान्य, ब्रिटनमध्ये तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन व्हायला २०१९ उजाडलं. पण बाहेर नाव नसणं वेगळं आणि घरी कुणी विचारत नसणं वेगळं.

कोंडून राहण्याचं म्हणाल तर १९०२ मध्ये तब्येतीमुळे नोकरी सोडून ती आईला घेऊन ह्युविनका या रेल्वेच्या गावी गेली आणि पुढची पंधराएक वर्षं हेलसिंकीला फिरकली नाही, हे बरोबर. पण कला आणि फॅशनची फ्रेंच मासिकं पोस्टाने घरी येत होती आणि मॉडेल म्हणून गावातल्या बाया-पोरी होत्याच. आणि तिचं खरं मॉडर्निस्ट काम, म्हणजे हुबेहूब चितारणं सोडून मोजक्या आकार-रंगांत काढलेलं, इथेच झालं, हे मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

‘भेसूर चेहरे’ याच्यावर जरा थांबायला हवं. ती रंग लावायची आणि मग तोच खरवडून काढायची, इतका की कधीकधी खालच्या कॅनव्हासचं विणकाम दिसतं, आणि जे उरेल तेवढंच ठेवायची. १९१५ चं काळ्या पार्श्वभूमीचं सेल्फ पोर्ट्रेट बघा: मान उंच, गालावर लाली, मागे ब्रशचं लाल भांडं, वर स्वतःचं नाव दगडावर कोरल्यासारखं. हे आर्ट सोसायटीने आपल्या बोर्डरूमसाठी मुद्दाम मागवलेलं, नऊ चित्रकार निवडले होते त्यात बाई ही एकटीच. यात भेसूर काय दिसलं? आणि कमी करत नेण्याची ही सवय काही म्हातारपणी लागलेली नाही, १८८४ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागात काढलेल्या ‘दार’ या चित्रात एक बंद दार, थोडी भिंत, खालून येणारा उजेड, बस्स. तेव्हा ती बाविशीत होती.

राहिला प्रेमभंग. एक साखरपुडा १८८० च्या दशकात मोडला, त्या माणसाचं नावही आज कुणाला माहीत नाही कारण त्याचा उल्लेख असलेली पत्रं तिने मैत्रिणींना नष्ट करायला लावली. दुसरा आयनार रॉयटर, वनखात्यातला माणूस आणि हौशी चित्रकार, तिच्यापेक्षा बराच लहान, १९१९ मध्ये त्याचा दुसरीशी साखरपुडा झाला तेव्हा ती खूप खचली, हे नाकारायचं कारण नाही. पण दोघांची मैत्री आणि पत्रं तिच्या मरणापर्यंत चालू राहिली, आणि तिच्यावरचं पहिलं पुस्तकही त्यानेच टोपणनावाने लिहिलं. आता तारखा लावून बघा. सेल्फ पोर्ट्रेट्स १८८० च्या दशकातच सुरू झालीत, एकूण चाळीसच्या आसपास, आणि त्यातली निम्मी १९४४-४५ ची, म्हणजे रॉयटर प्रकरणाला पंचवीस वर्षं उलटल्यावरची. तेव्हा ती ऐंशी पार केलेली, युद्धामुळे स्वीडनमध्ये साल्तशबादनच्या हॉटेलात येऊन राहिलेली. प्रेमभंगाचा असर पंचवीस वर्षांनी एकदम चढतो होय? त्याआधी पंचाहत्तरी उलटल्यावर हीच बाई स्टेनमनच्या सांगण्यावरून जुने विषय घेऊन लिथोग्राफ (दगडावर काढून छापायची चित्रं) करायला बसली होती, त्याचं काय कारण सांगणार मग, तोही प्रेमभंगच का?