कोकणचं पाणी ‘वाया जातं’ म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळा आला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘कोकणातलं गोडं पाणी समुद्रात वाया जातं. समुद्राला त्याचा काही उपयोग नाही. पुराचं पाणी तर जास्तीचंच. सगळं अडवा, घाटावर वळवा, दुष्काळ संपेल.’ मराठवाड्यात ज्यांच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात त्यांना हे पटतं, यात नवल नाही. तरी एकेक विधान सुटं करून पाहू.

‘समुद्राला उपयोग नाही.’ नदी नुसतं पाणी नेत नाही, गाळ आणि वाळूही नेते. आंध्रात गोदावरी-कृष्णेच्या मुखांशी जी भातशेती पिकते ती याच गाळावर, आणि त्यातला बराचसा आपल्याच दख्खनच्या काळ्या कातळाची झीज आहे. गाळ थांबला की काय होतं, ते इजिप्तने पाहिलंय. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि नाईलचा गाळ नासर जलाशयात अडकला. भूमध्य समुद्राच्या लाटा किनारा आधीही खात होत्याच, पण आता भरपाई बंद झाली. नाईलच्या मुखाशी रोझेटाजवळचा किनारा झपाट्याने मागे सरकला. पुरासोबत येणारं खाद्य थांबल्यावर तिथली सार्डिनची मासेमारीही कोसळली. पाकिस्तानात सिंधूच्या मुखाशी ठट्ट्याकडे खारं पाणी शेतजमिनीत शिरलंय तेही नदीचं पाणी आणि गाळ वरच अडवल्यामुळे.

कोकणात हे खाडीत घडतं. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की भरतीचं पाणी आणखी वर चढतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. कालवं, कोळंबी, तिवरं हे सगळं गोडं आणि खारं मिसळतं त्या पट्ट्यात वाढतं. बाजारात कालवा-कोळंबीचा भाव विचारणाऱ्यांनी तरी नदीला निरुपयोगी म्हणू नये.

‘पुराचं पाणी जास्तीचंच.’ वर्षभराचा बहुतेक गाळ नदी पुराच्या मोजक्या दिवसांतच वाहून नेते. फक्त पूर अडवायचा म्हणजे नेमकं कामाचं पाणी अडवायचं.

नदीजोडाच्या नावाने हाच मजकूर गंगा-ब्रह्मपुत्रेबद्दलही फिरतो. त्यांचं हलकं गोडं पाणी बंगालच्या उपसागरात खाऱ्या पाण्यावर पसरतं, खालचं थंड पाणी सहज वर मिसळू देत नाही आणि पृष्ठभाग उबदार ठेवतं. त्याच उबेवर पावसाळी कमी दाबाचे पट्टे पोसले जातात आणि विदर्भापर्यंत पाऊस आणतात. (कोकणच्या नद्या यासाठी फारच लहान, हे मान्य.)

‘कोयनेचं पाणीही वायाच.’ कोयना धरणातून घाटाखाली वळवलेलं ते पाणी आधी पोफळीच्या वीजकेंद्रात वीज बनवतं, मग वाशिष्ठी नदीत उतरतं. चिपळूणची नदी उन्हाळ्यात वाहती राहते ती त्याच्याच जोरावर.

‘अडवलं की वाचलं.’ उथळ जलाशयातलं पाणी उन्हात उडतं आणि तळ गाळाने भरत जातो.

पाणी कुठेच अडवू नये, असं माझं म्हणणं नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो, ही लाजच आहे. पण तिथे वनराई बंधारे, डोंगरउतारावरची झाडं आणि छोटे तलाव लागतात. घाटावर न्यायचं तर पाणी शेकडो मीटर वर चढवावं लागेल. त्याला वीज किती लागेल, बिल कोण भरेल आणि वर पोहोचलेलं पाणी पिण्याला मिळेल की उसाला, हे त्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही.